सागाचे सोळा खांब

भोईवाड्यातल्या आमच्या देवळात आले की परबमामा आधी खांबाला हात लावत आणि मग देवाला नमस्कार करत. सभामंडपात सागवानाचे सोळा खांब होते, दिव्यांच्या काजळीनं काळेकुट्ट झालेले. मामा मूळचे मालवणकडचे, गिरणीच्या सुतारखात्यातून निवृत्त झालेले आणि आमच्या देवस्थान ट्रस्टचे विश्वस्त. मी ट्रस्टचा चिटणीस. बारा वर्षं त्या मंडपात सभा घेतल्या, पण खांबांकडे एकदा तरी नीट पाहिलं असेल तर शपथ!

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस होते. एका व्यापाऱ्यानं खांबांना गुलाबी ऑइलपेंट देऊ केला. आम्हाला केवढा आनंद! काळं ते कळकट, चकचकीत ते पवित्र, एवढीच आमची अक्कल. ठराव मीच लिहिला. एकटे मामा विरोधात.

"लाकूड अजून जितां असा, चिटणीस. रंग फासलास तर घुसमाटतला."

सगळे हसले. मीही हसलो, याची आज लाज वाटते.

रंगारी यायच्या आदल्या दिवशी हरताळ पडला, गिरण्या बंद. सकाळी देवळात गेलो तर मामांनी चाळीतले वीसेक कामगार जमवलेले. कुणी बांबूच्या कामटीनं काजळी खरवडतोय, कुणी जवसाच्या तेलात भिजवलेल्या फडक्यानं खांब पुसतोय.

"मामा, हे कुणाला विचारून?" मी ओरडलोच.

"उद्या रंग लावूचो तर लावा. आज नुसतां बघा."

मी बघितलं. मधाच्या रंगाचं लाकूड, त्यावर आंब्याच्या डहाळ्या आणि डहाळ्यांत राघू. प्रत्येक खांबावरचा राघू निराळा. एक कैरी टोचतोय, एक पिलाला भरवतोय, एक मान वळवून पाठ खाजवतोय. कोरणाऱ्यानं स्वतःचं नाव मात्र कुठंच ठेवलेलं नव्हतं. एवढं मोठं काहीतरी आमच्या स्वाधीन होतं आणि आम्हाला पत्ताच नव्हता.

संध्याकाळी तो व्यापारी आला. बराच वेळ खांबांभोवती फिरला आणि हात जोडून म्हणाला, "माझ्या हातून पाप घडलं असतं हो." विश्वस्तांनी तिथंच, उभ्याउभ्या ठराव फिरवला.

"मामा, तुम्ही खांब वाचवलेत," मी म्हणालो.

"वाचवतलो मी कोण! आपल्या राखणीच्या पाळयेक मोडूक दिलंय नाय, इतक्यांच."

राज्य झालं त्या वर्षी मामा गेले. त्यांच्या जागी आलेल्या तरुण विश्वस्तानं पहिल्याच सभेत मांडलं, "मंडप जुनाट झालाय. काँक्रीटचा बांधू या." माना डोलू लागल्या. मी ठरावाची वही मिटली आणि उठलो.

"आधी सगळे खांबांजवळ चला."