तिला इचारून राह्यलो

"आधी इचारायचं, मंग द्यायचं," म्हणत मामा कागदावर तळहात पालथा ठेवत. मग तो कागद प्राचार्यांनाही ओढून घेता येत नसे.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. जालन्याच्या आमच्या कॉलेजात मामा रेकॉर्डचे कारकून, मी त्यांच्या हाताखाली. बाहेरच्या संशोधकांनी माहिती मागितली, की खासगी माहिती जपण्याच्या नव्या कायद्याप्रमाणे मामा एकेका जुन्या विद्यार्थ्याला फोन लावून विचारत, "तुमचा रेकॉर्ड देऊ का, नाव काढून?" उत्तर वहीत लिहीत, 'हो' किंवा 'न्हाई'. डोक्यावरचा पंखा सतत खटखट करायचा. मी वैतागायचो. मामा म्हणत, "राहू दे, सोबत होते."

मागच्या उन्हाळ्यात पुण्याचे एक संशोधक आले. मुली शिक्षण मधेच का सोडतात, हा त्यांचा विषय. यादीत वडीगोद्रीकडची एक मुलगी होती. कॉलेज सोडताना तिनं अर्जात जे कारण लिहिलं, ते तिच्या आईबापांनाही ठाऊक नव्हतं. मी वाचलंय, इथं सांगणार नाही. पुढं महिन्याभरात ती तापानं गेली.

"नाव काढून देऊन टाकू," मी म्हणालो.

"नाव काढून काय होतंय? त्या गावातून त्या वर्षी एकच पोरगी आल्ती. कुणीबी वळखील."

"पण मामा, ती वारली. आता विचारणार कुणाला?"

"तिलाच."

संशोधकांचा रोज फोन यायचा आणि मामा शांतपणे सांगायचे, "तिला इचारून राह्यलो, साहेब." मला हसू यायचं. पण रोज चार वाजता ते खरोखरच तिचा जुना नंबर फिरवत. तो केव्हाच बंद झाला होता. तरी मामा फोन कानाला लावून बराच वेळ बसत. एके दिवशी त्यांनी मान डोलावली, "बराबर हाय, बाई," म्हणाले आणि वहीत तिच्या नावापुढं 'न्हाई' लिहिलं. तो अर्ज कॉलेजबाहेर गेला नाही. तेव्हाच्या हसण्याची मला आज लाज वाटते.

दिवाळीनंतर मामा अचानक गेले. त्यांची खुर्ची मला मिळाली.

गेल्या आठवड्यात दुसरे संशोधक आले. त्यांना जुन्या तुकड्यांचे निकाल हवे होते. यादी चाळताना मामांचं नाव दिसलं. आमच्याच कॉलेजचे विद्यार्थी, बी.ए.ला दोनदा नापास. हे त्यांनी आयुष्यभर कुणाला सांगितलं नव्हतं. मला हसू आलं आणि लगेच डोळे भरले.

सही करून मोकळं व्हायचं होतं, पण हात चालेना. चार वाजत आले होते. वीज गेल्यामुळे पंखा थांबलेला. मी मामांचा नंबर फिरवला. घरच्यांनी तो बंद केलाय, हे मला पक्कं माहीत होतं.

घंटा वाजली नाही. पलीकडून पंख्याची खटखट ऐकू आली.

"मामा," मी विचारलं, "तुमचा रेकॉर्ड देऊ का?"

खटखट थांबली.

मी वहीत 'न्हाई' लिहिलं. फोन ठेवताना पाहिलं, तर माझा डावा तळहात त्यांच्या निकालावर पालथा पडला होता.