चतुर्दशीचा खलाशी

आमच्या घराण्यातला एक पुरुष समुद्रावर लढता लढता धारातीर्थी पडला. रत्नागिरीकडचा खलाशी, माझ्या वडिलांचे पणजोबा. इंग्लंडच्या राणीच्या आरमारातल्या एका स्लूपवर, म्हणजे शिडं आणि बॉयलर दोन्ही असलेल्या लहान युद्धनौकेवर, ते भट्टीत कोळसा टाकत. पितृपक्षात चतुर्दशीला शस्त्राने मेलेल्यांचं श्राद्ध करतात. त्यांचं पान आमच्याकडे त्याच दिवशी वाढलं जाई, आणि ते वाढताना वडील जरा ताठ बसत. बाकीचे पूर्वज तापाबिपाने गेलेले.

गेल्या वर्षी वडील आजारी होऊन पुण्याहून सिंगापुरात आमच्या तोआ पायोहच्या फ्लॅटमध्ये आले. डॉक्टर महिन्यांच्या भाषेत बोलत होते. वडिलांची एकच इच्छा होती: ती लढाई कुठली, हे जाण्याआधी कळावं. नौकेचं नाव घरात सगळ्यांना पाठ होतं. तिच्या रोजनिशीची पानं विलायतेतल्या कुठल्याशा संग्रहाने इंटरनेटवर ठेवलेली सापडली, आणि बुओना व्हिस्टाच्या ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत मी ती वाचू लागलो.

नौकेची कारकीर्द अशी. एडनला रंग दिला. झांजिबारला सुलतानाला सलामी दिली. इराणच्या आखातात चाच्यांचा दोन दिवस पाठलाग केला; ते खजूर नेणारे निघाले. अंदमानात पाण्याची खोली मोजली. पुन्हा रंग दिला. तोफा पुष्कळ वेळा उडाल्या, पण समोर शत्रू असा कधी नव्हता. बहुतेक वेळा कुणाचा तरी वाढदिवस होता. अखेर इथेच, सिंगापूरच्या बंदरात, शिडं उतरवून तिला कोळशाचं कोठार म्हणून बांधून ठेवलं.

आमच्या माणसाची नोंदही इथलीच निघाली; साऱ्या रोजनिशीत मेलेला देशी खलाशी तेवढा एकच. सकाळी आठला नव्या गव्हर्नरला सतरा तोफांची सलामी. किल्ल्यावरून तितक्याच तोफांचं उत्तर. साडेदहाला एक देशी खलाशी हगवणीने मृत. दुपारी झोपायच्या झोळ्या धुतल्या.

रविवारी लॅपटॉप घेऊन वडिलांच्या पलंगाशी बसलो.

"त्या दिवशी तोफा झाल्या का रे?"

"झाल्या. सतरा."

"आणि समोरून?"

"सतराच."

माझी मुलगी माझ्या खांद्यावरून वाचत होती. "बाबा, दॅट्स अ सॅल्यूट, लाह," ती सिंगापुरी इंग्रजीत पुटपुटली. मी तिच्याकडे पाहिलं.

वडील छताकडे बघत राहिले. "लढाईत इतकं नीट मोजतात?"

"आरमार आहे. शिस्त असते."

"मग तो कशाने गेला, तेही लिहिलं असेल."

सतराचा आकडा सांगताना जीभ अडखळली नव्हती. आता अडखळली.

"लिहिलंय," एवढंच म्हणालो.

"ताप?"

"हगवण."

वडील रागावले नाहीत. रागावले असते तर बरं वाटलं असतं. त्यांनी पांघरूण छातीपर्यंत ओढून घेतलं, आणि पहिल्यांदाच ते मला फार लहान दिसले.

"चतुर्दशी बदलू नकोस," ते म्हणाले. "इतकी वर्षं त्याच दिवशी जेवतोय बिचारा. दुसऱ्या दिवशी कुठे शोधत बसेल?"

फाल्गुनात वडील गेले. दुपारी, झोपेत. षष्ठी होती.

यंदा पितृपक्षात षष्ठीला मी त्यांचं पान वाढलं. ताठ बसायचं ठरवलं होतं, जमलं नाही. आठ दिवसांनी, चतुर्दशीला, खलाशाचं पान वाढलं. आजच का, असं मुलीने विचारलं नाही. खिरीची वाटी तिनेच आणून ठेवली.

सिंगापुरात पक्ष्यांना खायला घालायला कायद्याने बंदी आहे. दोन्ही दिवशी कावळ्याचा घास मीच खाल्ला.