रऊफभाईंच्या विहिरीचं पाणी

औरंगपुऱ्यातल्या आमच्या माती-पाणी तपासणीच्या लॅबमध्ये नमुन्याच्या बाटल्या रिकाम्या होतात, धुतल्या जातात. किस्से मात्र साचतच जातात. लोक म्हणतात, सांगा एखादा, जरा हसू. बरं, सांगते. पण हसू घशात अडकलं तर मला बोलायचं नाही.

आम्ही तिघं. मशीनवर प्रज्ञा मॅडम, नमुने घ्यायला काउंटरवर मी, आणि नदीकाठच्या गावांत गाडी फिरवणारे रऊफभाई. त्यांचं घरही नदीच्या खालच्या अंगाला, दारात विहीर.

*

एक काका पाण्याची बाटली घेऊन आले. पाणी इतकं नितळ, की मॅडमना शंका आली.

"काका, हे विहिरीचंच ना?"

"व्हय. उकळून आणलंय. फडक्यातून गाळलंय, तुरटी फिरवलीय."

"अहो, पण का?"

"पाव्हण्यांसमोर पोरगी तोंड धुवूनच आणतेत ना, मॅडम? नापास झाली म्हंजे?"

रऊफभाई हसून हसून खालीच बसले. मॅडमनी काकांना समजावलं की आम्ही पाण्यात शोधतो ते शिसं उकळून जात नाही. पाणी आटतं, शिसं तेवढंच राहतं, आणि आईच्या पोटातल्या लेकरालाही ते सोडत नाही. काका म्हणाले, "मग सरपण वायाच गेलं की."

तेव्हापासून चहा जरा जास्त उकळला की रऊफभाई म्हणणार, "अब पास होता देखो."

*

एकाची माती फार वाईट निघाली. मॅडमनी स्वतः फोन केला, की बाबा, पालेभाजी लावू नका. पठ्ठ्या निवांत!

"ती माझी नव्हतीच. शेजाऱ्याची होती."

"मग तुमची का नाही आणली?"

"खराब निघाली तर बाजारात माझी भाजी कोण घेईल?"

"अहो, मग शेजाऱ्याला तरी सांगितलं का?"

"त्यानं इचारलंच नाय."

दोघांचा बांध एक, दोघांना पाणी त्याच नाल्याचं.

*

एका गावात हातपंपावर पाटी लागली होती, 'हे पाणी पिऊ नये.' आम्ही पुन्हा नमुना घ्यायला गेलो, तर पंपावर बायांची ही गर्दी. मी म्हटलं, "अहो ताई, पाटी वाचली नाही का?"

"वाचली की. पीत नाय आम्ही. सैपाकालाच घेतो."

*

मंडईत मी पालकाची जुडी उचलली. पानं हिरवीगार, तळव्याएवढी. सवयीनं विचारलं, "मावशी, पाणी कुठलं?"

"नदीचंच. लई फुगतो त्या पाण्यावर."

"घरी हाच खाता?"

मावशींनी मला वेड्यात काढलं. "येडी का काय, बाई! घरच्यासाठी बोरवर येगळा वाफा हाय."

जुडी माझ्या हातातच राहिली. घरी गेल्यावर नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, "मग त्या वाफ्यातला माग ना." आता बोला.

*

आता रऊफभाईंचं. आमच्या इमारतीच्या नळाचा भरवसा नाही, म्हणून ते रोज घरच्या विहिरीचा कॅन आणायचे. प्यायला तेच, चहाला तेच. मॅडमची एक खोडही त्यावर होती. एखाद्या नमुन्याचा आकडा अंगावर आला की त्या म्हणायच्या, "मशीनला रऊफभाई पाजा." त्यांचं पाणी लावायचं, आकडा तळाला बसायचा, म्हणजे मशीन शहाण्यासारखं वागतंय. रऊफभाईंची कॉलर ताठ व्हायची.

यंदा त्यांची नजमा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. जावयानं फिल्टर पाठवला, तो यांनी खोलीत तसाच बांधून ठेवला. "अपनी बावडी का पानी पीके बडी हुई वो. आमच्या पाण्याला काय झालंय?"

परवा नदीकाठचा एक नमुना भलताच चढला. मॅडम नेहमीसारखं म्हणाल्या, "रऊफभाई पाजा."

रऊफभाईही चढले.

मॅडम म्हणाल्या, भांडं खराब असेल. सगळी काच ॲसिडनं धुतली, मशीन पुन्हा जुळवून घेतलं. दुसऱ्या दिवशी मी स्वतः त्यांच्याकडं जाऊन धुतलेल्या बाटलीत पाणी भरून आणलं. नजमानंच पोहरा ओढून दिला. नको म्हटलं तरी ऐकेना. आकडा तोच. शिसं. टेबलावर माझा अर्धा प्यायलेला चहा होता, तो मी तसाच लोटून दिला.

मॅडमनी रऊफभाईंना आत बोलावलं आणि स्क्रीन त्यांच्याकडं वळवली. इतक्या वर्षांत त्यांना आकडे वाचता येतातच. हातातला कॅन खाली ठेवायचंही त्यांना सुचलं नाही.

"रऊफभाई," मॅडम हळूच म्हणाल्या, "नजमाला आजपासून..."

"मॅडम," ते म्हणाले, "उद्या उकळून आणू का?"