गोणीचा टाका

टपालाची खिडकी पिठाच्या गिरणीत आली तेव्हापासून शिवणमावशीच्या डोक्यात किडा वळवळत होता. जुन्या टपाल ऑफिसचं छप्पर बसलं, आणि वरच्यांनी शिक्का, वजनकाटा, थैली सगळं उचलून गिरणीवाल्याच्या कोपऱ्यात मांडलं. गाव खूश झालं. नाहीतर एका पार्सलापायी मोठ्या गावाला जाऊन अख्खा दिवस मोडायचा. मावशी मात्र ताकही फुंकून पिणारी. दळणातलं मूठभर पीठ 'जात्यानं खाल्लं' म्हणणारा माणूस पार्सल काय सोडणार, असं ती येईल त्याला ऐकवायची.

तिचं पोटही टपालावरच होतं. गावाची पार्सलं कापडात शिवून द्यायची ती. बारीक उलटी टीप, शेवटची गाठ आतल्या अंगाला. परक्याच्या हातानं उसवली तर लपायची नाही.

आणि उसवलीच. बाळंत झालेल्या लेकीला तिनं दुपटं आणि पिवळे लोकरी मोजे पाठवले होते. लेकीचा फोन आला. आई, या वेळी गोणीचा टाका का गं घातलास, आणि मोजा एकच कसा?

गोणीचा टाका दाभणानं घालतात, आणि गावात दाभण फक्त गिरणीवाल्याकडे. कुंपणच शेत खातंय म्हटल्यावर मावशीनं लेकीकरवी वर तक्रार ठोकली. उद्या साहेब येतो, असा निरोप आला. साहेब म्हणजे खिडकी बंद, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. शेजारीण म्हणालीसुद्धा, अगं, चोर एकच मोजा कशाला नेईल? मावशी म्हणाली, त्याच्या घरी एका पायाचं बाळ असेल.

तरी रंगेहाथ धरावा म्हणून तिनं नुसत्या चिंध्यांचं पार्सल शिवलं आणि टपालाची गाडी गेल्यावर मुद्दाम खिडकीत दिलं, म्हणजे मुक्काम गिरणीतच. दिवेलागणीला दळणाचा डबा काखेत मारून ती हळूच आत शिरली. दळण थांबलं होतं. गिरणीवाला स्टुलावर चढून तिचं पार्सल तुळईला दोरीनं टांगत होता.

"फाशी देतोस का रे त्याला?"

तो पडता पडता वाचला. मग त्यानं पोत्यांच्या मागे हात घातला आणि एक घरटं काढलं. सुतळी, कागदाचे कपटे, आणि मधोमध पिवळ्या लोकरीचा भुगा.

"उंदीर, मावशी. पार्सल फाडलेलं दिसलं, तसंच कसं पाठवू? शिवलं आपलं."

"मग तेव्हाच का नाही बोललास?"

"बोललो असतो तर सगळ्यात आधी तूच वर कळवलं असतंस."

खोटं नव्हतं. मावशीनं भुगा चिमटीत धरून उजेडात नेला, हुंगला. लोकर तिचीच होती. मांजर पाळायला काय झालं होतं, तिनं विचारलं. त्यानं हनुवटीनं दाखवलं. मांजर थैलीवर ताणून झोपलं होतं.

दुसऱ्या दिवशी साहेब आला, नाकाला रुमाल लावून. तक्रार तुमचीच ना, असं त्यानं मावशीला विचारलं. गिरणीवाल्याचा चेहरा त्याच्याच पिठासारखा झाला.

"माझीच," मावशी म्हणाली. "हा माणूस टाका फार वाईट घालतो. शिवायचं पुन्हा कधी आलं तर मला बोलवावं. आणि पार्सलं ठेवायला पत्र्याची पेटी द्या, झाकणाची."

"झाकण कशाला?"

"पीठ उडतं."

साहेबानं तिच्याकडे बघितलं, पोत्यांकडे बघितलं, मांजराकडे जरा जास्तच वेळ बघितलं. मग पेटी पाठवतो म्हणाला आणि गेला. खिडकी राहिली.

गिरणीवाल्यानं हात जोडले. मावशीनं ते बघितलंच नाही. तिनं पार्सल खाली काढायला लावलं, बोटानं आतली गाठ चाचपली. जागेवर होती.

"मोजा उंदरानं नेला, मानलं," ती म्हणाली. "पण माझं पीठ कमी भरतं, ते कोण नेतं रे?"

गिरणीवाल्यानं घाईघाईनं गिरणी सुरू केली. त्या धडधडाटात त्यानं काय उत्तर दिलं, ते काही ऐकू आलं नाही.