लिंबाच्या डहाळ्याचा खिळा

रशीद गेल्याची बातमी मला कांद्याच्या बाजारात मिळाली. मी गोण शिवत होतो. त्याचा धाकटा भाऊ हनीफ आला, शेजारी बसला आणि गोणीचं दुसरं टोक धरलं... तेव्हाच समजलो. तरी गोण पुरी शिवली. आता त्याला दीड महिना झाला. मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस, लिहिणं माझं काम नाही. पण चाकणच्या लोकांना एक गोष्ट अर्धीच माहीत आहे, ती पुरी मीच सांगितली पाहिजे.

रशीदचं सायकली आणि पाण्याची इंजिनं दुरुस्त करायचं दुकान होतं. पिंपरीकडं कंपन्या उभ्या राहत होत्या, त्याला फिटर म्हणून बोलावणंही आलं. पण "भोंग्यावर उठणारा माणूस मी न्हाई," म्हणून तो गेला नाही. माझ्या विहिरीवरचं इंजिन त्याच्या हाताशिवाय चालत नसे. बाजाराच्या दिवशी आम्हा दोघांचा चहा एकाच बशीत. एका वर्षी देवीची लस टोचणारे बाजारात आले. लोक मागं सरकले, रशीदनं बाही वर केली. त्याच्या दंडावर फोड आला, त्यात पू झाला. इकडं गावात बोलणं सुरू झालं, की टोचलेल्याच्या अंगातून देवी बाहेर पडते, त्याच्या वाऱ्यानं पोरांच्या अंगावर फोड उठतात, गाभण म्हैस गाभ टाकते. मी हसलो नाही. माझा पहिला मुलगा देवीतच गेला होता. दुसरा, बाळू, तेव्हा चार महिन्यांचा होता, आणि टोचून घेतल्यावर इंजिन बघायला आलेल्या रशीदनं त्याला उचलून घेतलं होतं.

त्या दिवसापासून मी पोराला आतल्या खोलीत कोंडलं. खिडकीला गोणपाट, अंगाला दुपटं, डोक्याला कुंची. ऊन चैत्राचं. चौथ्या दिवशी मानेवर, कपाळावर लाल पुरळ उठलं! बायको म्हणाली, "आधी दाखवून तर आणू." मी ऐकलं नाही. लिंबाचा डहाळा तोडला आणि भर बाजारात रशीदच्या दाराला ठोकला. देवी आलेल्या घराला आमच्याकडं असा डहाळा लावतात, म्हणजे कोणी उंबरा ओलांडू नये. रशीद चाकाच्या तारा आवळत होता. एवढंच म्हणाला, "सोपानराव, खिळा तिरका जातोय, सरळ धरा."

गिऱ्हाईक दारापर्यंत येई, डहाळा बघून मागं फिरे. दोन बाजार असे गेले. हनीफ डहाळा काढायला उठला की रशीद त्याला म्हणे, "ज्यानं लावलाय त्यालाच काढू दे." पोराचं पुरळ काही जाईना. शेवटी बायको मला न विचारता त्याला घेऊन दवाखान्यात निघाली, मी मागोमाग. नर्सबाईंनी कुंची काढली, दुपटं सोडलं. "अहो, घामोळं आहे हे! पोराला उकडून काढलंत की." मी टोचलेल्याच्या वाऱ्याचं विचारलं. बाई म्हणाल्या, "वाऱ्यानं जात नाही. पण फोडाला हात लागला, पू लागला, तर दुसऱ्याला फोड येऊ शकतो. म्हणून खपली पडेपर्यंत तो झाकून ठेवायचा." तेव्हा आठवलं... बाळूला उचलताना रशीदच्या दंडावर स्वच्छ फडकं होतं, आणि पोराला त्यानं दुसऱ्या हातावर घेतलं होतं. मला जे माहीतच नव्हतं, ते तो पाळत होता.

माफी मागायला माझं तोंड उघडत नाही, आजही नाही. पुढच्या बाजारी बाळूला घेऊन गेलो, डहाळा उपसला आणि पोराला मांडीवर घेऊन रशीदच्या बाकड्यावर दिवे लागेपर्यंत बसलो. येणारा-जाणारा बघत होता.

"वहिनीनं हाकललं का?" रशीदनं विचारलं.

"व्हय."

"मग च्या घ्या."

बशी एकच आली. मी खिळा काढायला उठलो तर म्हणाला, "ऱ्हाऊ द्या राव, टोपी अडकवायला जागा न्हवती मला." गिऱ्हाईक पुरतं परतायला मात्र पावसाळा उजाडला. त्यानं तो विषय कधी काढला नाही, मीही नाही. बाळू आता पिंपरीला कंपनीत शिफ्टला जातो. त्याच्या दंडावरही देवी टोचल्याचा गोल वण आहे.

चाकणच्या लोकांनी डहाळा पाहिला, घामोळं पाहिलं नाही. ते आज सांगितलं.

परवा दुकानाच्या दाराला रंग चालला होता. रंगाऱ्यानं खिळ्यावरची टोपी काढून बाजूला ठेवली, पक्कड हातात घेतली आणि विचारलं, "हा वाकडा खिळा कुणी ठोकला?" हनीफनं माझ्याकडं बघितलं. "मी ठोकला," मी म्हणालो, समोरच्या दुकानांच्या ओळीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. रंगाऱ्यानं पक्कड ठेवली आणि खिळ्याच्या कडेकडेनं रंग दिला. तो वाळेपर्यंत रशीदची टोपी मी हातात धरून बसलो... मग जागेवर अडकवली.