म्हशींची पावडर

आमच्या कुत्रीच्या तोंडाला मुताचा वास यायचा. मूत्रपिंडं कामातून गेली की असाच वास येतो, असं बीडच्या जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलं. त्यांनी तिचं जेवण ठरवून दिलं: मऊ भात, दुधी, अंड्याचा पांढरा भाग. मटण, हाडं, मीठ बंद. फॉस्फरस तिच्या अंगात साठत होता, म्हणून तो पोटातच धरून ठेवणारी एक पावडर चिमूटभर जेवणात कालवायची. पाणी मात्र पाहिजे तेवढं. एवढं सांभाळलं तर आणखी वर्षभर काढेल, म्हणाले.

पाणी पाहिजे तेवढं, आणि तेही त्या उन्हाळ्यात! टँकरमधून निम्मा गाळच यायचा. मी ते गाळायचे, उकळायचे आणि तिच्यासाठी वेगळा तांब्या भरून ठेवायचे. घरचे नाकं मुरडायचे. मुरडू देत. कुत्री सुधारत होती, पुन्हा दारापर्यंत चालत यायला लागली होती.

मग एकाएकी उलट्या सुरू झाल्या. काय चुकतंय ते कळेना. एका दुपारी पाहिलं, तर काका तिच्या भातात मूठ भरून पावडर टाकत होते.

काका गावच्या दूध संस्थेचे चेअरमन. ही पावडर म्हणजे सभासदांच्या म्हशींसाठी संस्थेनं आणलेलं खनिज मिश्रण. म्हशी चारा छावणीत हाडं मोजता येतील अशा उभ्या होत्या, आणि गोण्या आमच्या ओसरीवर पडून होत्या. का, तर वाटप पुढाऱ्याच्या हातून व्हायला हवं होतं, फोटो निघायला हवा होता, आणि पुढाऱ्याला सवड नव्हती. येता-जाता त्या गोण्या दिसल्या की मला शिसारी यायची.

"काका, ही म्हशीची हाय."

"मग? डॉक्टरनं पावडरच सांगितली ना? त्याची डबी केवढीशी. ह्या पावडरीनं म्हशीला ताकद येती, मग हिला कावून न्हाई येणार?"

मी गोणीवरचं वाचून दाखवलं: कॅल्शियम, फॉस्फरस. "हिला ज्याच्यापासून वाचवायचंय, तेच तुमी मुठीनं घालताय."

काकांचा चेहरा उतरला. त्यांचा तिच्यावर जीव होता, ते खोटं नव्हतं. ते पुढे झाले आणि तिच्या तांब्यातल्या पाण्यानं हात धुऊ लागले. उकळून, गार करून ठेवलेलं पाणी. त्या हातांकडं मला बघवेना.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी सगळ्या गोण्या छावणीवर पाठवून दिल्या. घरात नको ते विष, म्हणाले. म्हशींच्या बरगड्या बघून जे झालं नाही, ते कुत्री ओकल्यावर झालं.

त्याच आठवड्यात कुत्री गेली. मी छावणीवर गेले, तेव्हा लोक काकांचं कौतुक करत होते, "चेअरमन लई मोठ्या मनाचा माणूस. पुढाऱ्याचीबी वाट बघितली न्हाई." काका हात जोडून हसत उभे होते. मला तिथं शेणाचा, चाऱ्याचा कसलाच वास येईना, फक्त तिच्या तोंडाचा येत होता.