साडभाऊ आणि उजवं वळण

माझ्या साडभाऊंइतका ब्रेकशिवाय सुखानं जगलेला माणूस चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन्ही जिल्ह्यांत मिळून दुसरा सापडायचा नाही. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. राहणार सिंदेवाही, धंदा धानाची शेती, आणि जीव अडकलेला अंगणातल्या टिनाच्या शेडखाली उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्या जीपमध्ये. या जीपला ब्रेक नव्हते असं नाही. होते, पण साडभाऊ त्यांना उगाच त्रास देत नसत. वडसा अजून दोन मैल लांब असतानाच ते ॲक्सिलरेटरवरचा पाय काढत आणि "आलं वडसा" म्हणत खिशातून सुपारी काढत. पुढचं सगळं चढावर, वाळूच्या ढिगांवर आणि समोरून येणाऱ्यांच्या शहाणपणावर सोपवलेलं असे. एका हिवाळ्यात ते मला वडशाकडे झाडीपट्टीचं नाटक दाखवायला घेऊन गेले, तेव्हा आम्ही मंडपापाशी थांबलो ते थेट तणसाच्या, म्हणजे धानाच्या पेंढ्याच्या, ढिगात. मी डोक्यातलं तणस वेचत होतो आणि हे शांतपणे तिकिटं काढायला निघाले होते. "ब्रेक मनानं लागते भाऊ, पायानं नाई," जाता जाता मला म्हणाले. मी चंद्रपूरच्या कचेरीत खुर्चीवर आयुष्य काढलेला माणूस. माझ्या मनानं त्या रस्त्यात निदान शंभर ब्रेक मारले होते, पण जीपला ते कळले नव्हते.

गाडीला मेकॅनिकचा हात लागलेला त्यांना खपत नसे. सगळं काम स्वतः, आणि त्याची त्यांची एक पद्धत. नट पुरता आवळून झाला की त्यावर कुंकवाचं बोट टेकवायचं. कुंकू लागलं म्हणजे नट पक्का, पुन्हा त्याच्याकडे बघायचं कारण नाही. त्यामुळे मेव्हणीच्या करंड्यात अधूनमधून ग्रीस निघायचं, आणि पाहुणे आले की जीपची पूजा कधी केली म्हणून विचारायचे. "माह्या कपाळापेक्षा त्या गाडीलेच जास्त कुंकू लागते," असं मेव्हणी येईल त्याला सांगायची. तिचं काही चुकत नव्हतं.

अशा या माणसानं परवाच्या पावसाळ्यानंतर एकाएकी जीपला डिस्क ब्रेक बसवायचं मनावर घेतलं. झालं असं, की त्यांच्या एकुलत्या एका मुलीला भामरागडकडच्या एका उपकेंद्रात नर्सची नोकरी लागली. रस्ते मोकळे होताच बापलेक जीपनं जागा बघून आले. परतताना नाल्यातून गाडी काढली आणि पुढच्या उतारावर पेडल दाबलं, तर ब्रेकच्या ड्रममध्ये पाणी शिरलेलं. ब्रेक लागेचना. साडभाऊंच्या लेखी ही नेहमीचीच गोष्ट, पण शेजारी बसलेली पोरगी येत्या सोमवारपासून त्याच रस्त्यानं एकटी ही जीप चालवणार होती. दुसऱ्या दिवशी मला फोन आला. "भाऊ, दोन दिवसाची सुट्टी काढा. पाण्यात बी लागन असा ब्रेक बसवाचा आहे."

मी गेलो. माझ्याकडे धरण्याचं काम होतं. ते सांगतील ते मी धरत होतो. डिस्क झकास बसल्या. पण पुढच्या चाकांचं एवढं उघडायचं म्हणजे स्टिअरिंगचे सांधेही सुटे करणं आलं. त्यातला एक आर्म स्टिअरिंगच्या डब्याखालून निघणाऱ्या दांड्याच्या बारीक दात्यांवर बसतो. ज्या दात्यावरून काढला त्याच दात्यावर तो परत बसला पाहिजे, नाहीतर चाकं एका बाजूला वळतात आणि दुसऱ्या बाजूला अडतात. साडभाऊंना हे पक्कं ठाऊक. म्हणून काढण्याआधी त्यांनी आर्मवर आणि दांड्यावर समोरासमोर कुंकवाची रेघ ओढली, मला चारदा दाखवली, आणि मग आर्म डिझेलमध्ये बुडवून लख्ख घासला. डिझेलच्याच फडक्यानं दांडाही पुसला. दोन्हीकडच्या रेघा गेल्या. साडभाऊंनी ते चकचकीत लोखंड उलटंपालटं करून बघितलं. "अंदाजानं बसवू," ते म्हणाले, आणि आर्म अंदाजानं बसला.

चक्कर मारायला निघालो तेव्हा ब्रेक असा लागला, की माझं नाक काचेला टेकलं. साडभाऊ लहान पोरासारखे हसले. बसस्टँडकडे जायला उजवीकडे वळायचं होतं. स्टिअरिंग जरासं वळलं आणि अडलं. डावीकडे मात्र जीप गरागरा फिरत होती. "काऊन घाबरता? तीनदा डावीकडं वळलं का उजवीकडंच जाते ना," असं म्हणून त्यांनी त्या हिशेबानं मला अर्धं सिंदेवाही दाखवलं. धान संशोधन केंद्रावरून आम्ही दोनदा गेलो. पानठेल्यावरच्या एका माणसानं पहिल्या वेळी नमस्कार केला आणि दुसऱ्या वेळी काही हरवलं का म्हणून विचारलं.

घरी येताच त्यांनी मुलीला ब्रेकचं कौतुक सांगितलं, आणि डावीकडच्या वळणांची युक्तीही. ती हसली. "बरं बाबा, मी डावीकडंच वळत जाईन," म्हणाली आणि बॅग भरायला आत गेली.

साडभाऊ हसले नाहीत. बोनेटला टेकून हळूच म्हणाले, "भाऊ, तिथी जंगलात एकच रस्ता रायते. उजवीकडं वळाचं काम पडलं तं ते पोरगी कुठून फिरून येईन? माह्यं काई नाई, मी तं घेतो चालवून." मला वाटतं, त्या दिवशी हा माणूस आयुष्यात पहिल्यांदा घाबरला. त्यांनी भर दुपारी सगळं परत उघडलं. स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत किती फेरे घेतं ते मोजलं, बरोबर निम्म्यावर आणून मला घट्ट धरायला लावलं, चाकं सरळ ठेवली आणि आर्म बसवला. मग छन्नीनं खूण ठोकली. प्रत्येक नट तीनतीनदा तपासला. शेवटी सीटचे बोल्ट काढून सीट चार बोटं पुढे बसवली, कारण मुलगी ठेंगणी आहे.

सोमवारी ती गेली. दुपारी तिचा फोन आला, "बाबा, नाल्यातून आली. ब्रेक लागला. वळते बी दोन्हीकडं." साडभाऊ नुसतं "बरं" म्हणाले आणि फोन मेव्हणीच्या हातात देऊन रिकाम्या शेडखाली जाऊन बसले.

ती होळीला जीप घेऊन आली तेव्हा आम्हीही सिंदेवाहीला होतो. बाजारात जायचं म्हणून साडभाऊ गाडी चालवायला बसले. गुडघे स्टिअरिंगला लागत होते, पाय धड हलत नव्हते. न राहवून मी म्हटलं, "भाऊ, सीट मागं घ्या ना. चार तं बोल्ट आहेत."

"राहू द्या," ते म्हणाले. "दोन दिवसानं तिलेच बसाचं आहे." आणि तसेच अवघडून, गुडघे बाहेर काढून, त्यांनी गाडी सुरू केली.